जुन्या डिझेल पिकअपचा फीड पंप: आधी खात्री, मग पाना

पावसाळा लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या गॅरेजात एकच वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा ऐकू येतं: "मेस्त, पंप गेला, बदलून दे." गाडी बहुतेक वेळा जुनी पिकअप असते. नारळ, सुपारी, मासळी, चिरे, काय वाटेल ते वाहिलेली. तक्रारीही ठरलेल्या: सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, चढावर दम तोडते, चालता चालता झटके देऊन बंद पडते आणि हँड पंप मारला की पुन्हा सुरू होते. यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचा पंप ठणठणीत असतो. म्हणून पंप कसा बदलायचा हे सांगण्याआधी तो खरंच गेला आहे का, हे कसं ओळखायचं ते सविस्तर सांगणार आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. डिझेलच्या जुन्या इंजिनात पंप दोन असतात. मोठा तो इंजेक्शन पंप. जुने लोक त्याला अजून मायको पंप म्हणतात, कारण १९५१ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची मायको कंपनी ते बनवायची. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण गॅरेजातलं नाव काही बदललं नाही. छोटा तो फीड पंप. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे मोठ्या पंपापर्यंत पोहोचवणं एवढंच त्याचं काम. ज्या गाड्यांत इनलाइन पंप आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी डिझेल दाबून सोडणारा एक एलिमेंट ओळीने बसवलेला लांबट पंप, तिथे हा फीड पंप त्याच्याच कुशीला तीन नटांवर बसवलेला असतो आणि वर हाताने दाबायचा हँड पंप असतो. हा लेख त्याच फीड पंपाबद्दल आहे. मोठा पंप उतरवला की टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची नेमकी वेळ, जुळवावं लागतं, तो टेस्ट बेंचवर लावून बघावा लागतो. ते घरी करायचं काम नव्हे. फीड पंप काढल्याने टायमिंग हलत नाही, त्यामुळे नीट हात चालणाऱ्या कुणालाही तो बदलता येतो.

कॉमन रेलच्या गाडीबद्दल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून जबर दाबाचं डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीबद्दल, शेवटी वेगळं लिहिलं आहे. तुमची गाडी कॉमन रेल असेल तर आधी तो भाग वाचा. इथल्या काही गोष्टी त्या गाडीवर करून बघणं जिवावर बेतू शकतं.

पंप आतून काय करतो

हे कळलं की पुढची तपासणी पाठ करावी लागत नाही. मोठ्या पंपाच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यावर, एक उंचवटा असतो. तो फिरताना फीड पंपाचा रोलर दाबतो, रोलर प्लंजरला, म्हणजे आतल्या दट्ट्याला, मागे ढकलतो आणि स्प्रिंग दबते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग सुटते आणि प्लंजरला परत लोटते. त्याच एका धक्क्यात एका बाजूचं डिझेल फिल्टरकडे जातं आणि दुसऱ्या बाजूला टाकीतून नवं डिझेल ओढलं जातं. म्हणजे डिझेल पुढे ढकलतं ते स्प्रिंगच्या जोरावर. त्यामुळे फिल्टर चोंदला तर पंप फुटत नाही, प्लंजर नुसता थबकतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पंप मेला. तिथे नवा पंप लावला तरी तोही तसाच थबकणार.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते आणि पंपापासून पुढची दाबाखाली. पुढच्या नळीला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळतं, डोळ्यांना दिसतं, वास येतो. मागच्या नळीला भोक पडलं तर इंजिन चालू असताना बाहेर थेंबही येत नाही. हवा आत खेचली जाते. आणि हवा धरली की सगळी लक्षणं पंप गेल्यासारखीच.

हे मी नुकसान सोसून शिकलो. मालीम जेटीवरून मासळी वाहणारी एक पिकअप होती. वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर ठिबकत होतं. गाडी चढावर बंद पडायची. मी फीड पंप बदलला. आठ दिवस बरी चालली, पुन्हा तेच. नवा पंपच खराब निघाला म्हणून दुसरा लावला. तिसऱ्या वेळी ती गाडी गणेश चवथीच्या आदल्या दिवशी सत्तरीतून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान भरून म्हापशाच्या बाजाराला निघाली आणि अस्नोड्याजवळ अडकली. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण ते सामान दुसऱ्या दिवशी कुणीही घेणार नव्हतं. तेव्हा मी खाली झोपून टाकीपासून नळी बोटाने चाचपत आलो. चासीला जिथे लोखंडी नळी क्लिपने धरली होती, त्या क्लिपच्या आत गंजाने सुईच्या अग्राएवढं भोक पडलं होतं. दोन पंपांचे पैसे त्या माणसाचे गेले होते. ते मी परत केले, आणि त्यानंतर तपासणी केल्याशिवाय पंपाला हात लावला नाही.

तपासणी, याच क्रमाने

टाकीचं झाकण उघडा आणि गाडी चालवून बघा. झाकणाचं हवेचं भोक चोंदलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण उघडताना सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला तर दोष तिथेच आहे. मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

मग फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसतं. काळपट, बुळबुळीत साका दिसला तर टाकीतल्या पाण्यात जिवाणू वाढले आहेत. अशा वेळी टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि ते खाली उतरतं.

फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, काही पंपांत छोट्या वाटीत. ती काढून बघा. गंजाचे कण, रबराचे तुकडे, एकदा तर मला झाडाचं बी सापडलं होतं. जाळी धुऊन गाडी बरी झाली तर काम संपलं.

आता निर्णायक परीक्षा. पंपाकडे येणारी नळी सोडवा आणि तिच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा लावून तो स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा. कॅन पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधून ठेवा. हँड पंपाने हवा काढून इंजिन सुरू करा आणि पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, मधून मधून रेस द्या. गाडी आता नीट चालत असेल तर पंप निर्दोष आहे. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत, टाकीतल्या गाळणीत किंवा जोडात आहे. तरीही झटके मारत असेल तर पारदर्शक नळीकडे बघा. नळीत बुडबुडे नाहीत, फिल्टर नवा आहे आणि तरी डिझेल पुरत नाही, म्हणजे पंपावर संशय घ्यायला हरकत नाही.

शेवटची खात्री: पंपातून फिल्टरकडे जाणारी नळी सोडवून तिचं टोक बाटलीत धरा, स्टॉप केबल ओढून ठेवा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. चांगला पंप ठोके मारत जोरात डिझेल फेकतो. नुसता पाझर येत असेल तर आतले व्हॉल्व्ह किंवा प्लंजर झिजले आहेत.

पंप गेल्याची आणखी एक खूण आहे, आणि ती सर्वांत धोक्याची. इंजिन ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी वाढलेली आहे, ऑइल पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय? फीड पंपाच्या दांड्याचं सील झिजलं की डिझेल मोठ्या पंपाच्या कॅमबॉक्समध्ये, म्हणजे कॅमशाफ्ट असलेल्या भागात, उतरतं आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये जातं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात आणि खर्च पंपाच्या कितीतरी पट होतो.

सामान

पंप घेताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. जुन्या पंपावरच्या पट्टीवर किंवा अंगावर कोरलेला नंबर घासून वाचा, फोटो काढा आणि तोच नंबर मागा. दिसायला जुळे वाटणारे दोन पंप रोलरच्या लांबीत वेगळे असू शकतात. म्हापसा, फोंडा, मडगाव इथे बहुतेक मिळतो. नाही तर बेळगावहून बसने येतो. नकली माल खूप आहे. हँड पंपाचा दांडा हातात सैल डुलत असेल, ओतकामाच्या कडा खरखरीत असतील तर तो परत द्या. पंपाचं अंग चांगलं आणि नुसते व्हॉल्व्ह, स्प्रिंग, ओ-रिंग गेल्या असतील तर किट टाकूनही चालतं. पण प्लंजरच्या नळकांड्यात ओरखडे असतील तर किटवर पैसे घालू नका.

पंपाबरोबर तीन गोष्टी नव्या घ्याच: पंपाखालचं पॅकिंग, सगळ्या बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर आणि डिझेल फिल्टर. जुना वायसर एकदा दबला की पुन्हा तसा बसत नाही, आणि ओढीच्या बाजूला तेवढीच फट हवा घ्यायला पुरते. रबरी नळी वाकवून बघा, चिरा दिसल्या तर तीही बदला. मात्र डिझेलसाठीची नळी घ्या, पाण्याची नको. १० ते १९ नंबरचे पाने, फडकी, ट्रे, चष्मा आणि हातमोजे एवढं पुरे. कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचा एक धागा आत गेला तर थेट व्हॉल्व्हखाली अडकतो.

काढणं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची उटी लावून उभी करा. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. स्टार्टर जवळच असतो आणि पाना घसरून ठिणगी उडायला वेळ लागत नाही. जवळ विडी-सिगारेट नको.

आता ज्या कामाचा लोकांना कंटाळा येतो ते: पंप आणि सगळे जोड बाहेरून धुऊन काढा. डिझेल आणि ब्रश, मग हवेचा झोत. आपल्याकडच्या लाल मातीचा कण मोठ्या पंपाच्या एलिमेंटला सँडपेपरसारखा घासतो. ही पंधरा मिनिटं वाचवून कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

कोणती नळी कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. येणारी आणि जाणारी नळी उलट लागली तर पंप चालणारच नाही आणि तुम्ही दिवसभर हवा शोधत बसाल. टाकीचं झाकण सैल करा, खाली ट्रे ठेवा आणि बँजो बोल्ट सोडवा. पंपाच्या अंगातला ॲडॉप्टर सोबत फिरत असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाही तर ओतकामातले आटे जातात. नळ्यांची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिक आणि रबरबँडने बंद करा.

तीन नट एकेक पूर्ण काढू नका. प्रत्येक नट थोडा थोडा, आळीपाळीने सैल करा. आत स्प्रिंग दबलेली असू शकते आणि पंप तिरका होऊन अडकतो. फार जोर जाणवला तर पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने थोडं फिरवा, म्हणजे उंचवटा रोलरपासून दूर जाईल आणि पंप मोकळा होईल. मग सरळ बाहेर ओढा. थोडं ऑइल सांडेल, ते साहजिक आहे. रोलर आणि त्याची पिन पंपाबरोबर बाहेर आली का ते मोजून बघा. आत काही राहिलं असेल तर तसंच बसवू नका.

बसवणं

जुनं पॅकिंग खरवडताना भोकात फडकं कोंबून ठेवा, कारण तुकडा आत पडला तर तो कॅमबॉक्समध्ये जाईल. फडकं काढायला विसरू नका. बसण्याची जागा कोरडी, सपाट करा. पॅकिंग जुन्याएवढ्याच जाडीचं हवं. सिलिकॉनचा थर लावायची सवय इथे सोडा. जास्तीचा लगदा आत पडतो.

रोलरला स्वच्छ इंजिन ऑइल लावा. पंप हाताने सरळ आत सरकवा. स्प्रिंगचा थोडा विरोध जाणवेल, पण पंप हाताच्या दाबाने जवळजवळ बसायला हवा. तो बोटभर बाहेर राहत असेल आणि नटाने ओढून बसवायची वेळ येत असेल, तर थांबा. उंचवटा वर आहे किंवा पंप चुकीच्या नंबरचा आहे. तसाच आवळला तर ओतकामाचा कान तुटतो.

नट आधी बोटांनी, मग पान्याने आळीपाळीने आवळा. नट छोटे आहेत, लांब पान्यावर अंगाचा भार टाकू नका. बँजो बोल्टला दोन्ही बाजूंना एकेक नवा वायसर, आटे हातानेच लागले पाहिजेत. नळी सायलेन्सरला किंवा पंख्याला घासत नाही ना ते बघा. मग नवा फिल्टर लावा. तो कॅनमधल्या डिझेलने भरून लावायची अनेकांना सवय आहे. मी तसं करत नाही, कारण ते न गाळलेलं डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडू शकतं. हँड पंपाने भरायला दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

एअर काढणं

बरीच कामं इथेच बिघडतात. हँड पंपाची मूठ फिरवून मोकळी करा. फिल्टरच्या माथ्यावरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा आणि हँड पंप मारत राहा. आधी हवा, मग फेस, मग बुडबुडेवालं डिझेल, मग अखंड धार येते. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. धार थांबल्यावर आवळला तर थोडी हवा परत आत जाते. त्यानंतर मोठ्या पंपावरच्या एअर स्क्रूवर हेच करा. हँड पंप जड लागेपर्यंत मारा.

बॅटरीची वायर जोडा, स्टॉप केबल पूर्ण आत गेली आहे ना ते बघा आणि सेल्फ मारा. एका वेळी १० ते १५ सेकंद, मग किमान अर्धा मिनिट विश्रांती. दोन-तीन प्रयत्नांत पेटली नाही तर दोन नोझलवरचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांवरचे) पाइपचे नट १७ किंवा १९ च्या पान्याने अर्धा फेरा सैल करा, चष्मा लावा, हात आणि तोंड लांब ठेवा आणि सेल्फ मारा. डिझेल थेंब थेंब यायला लागलं की नट आवळा. इंजिन अडखळत पेटेल, मग सावकाश एकसुरी होईल.

हँड पंपाची मूठ पुन्हा दाबून, फिरवून घट्ट बसवा. ती मोकळी राहिली तर तिथूनच गळती लागते किंवा हवा शिरते, आणि माणूस नव्या पंपाला दोष देतो.

नंतरची तपासणी

प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसा, खाली कोरडा पुठ्ठा ठेवा आणि इंजिन वीस मिनिटं चालू द्या. पुठ्ठ्यावर डाग नको. मग भार घालून चढ चढवा. आमच्याकडे केरीहून चोर्ल्याचा घाट आहे. त्या वळणांवर जी गाडी दम तोडत नाही ती कुठेही तोडणार नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिल्या सेल्फला पेटते का बघा. पेटली नाही तर डिझेल रात्रीत टाकीकडे उतरतंय, म्हणजे कुठल्या तरी जोडातून अजून हवा शिरते आहे. दोन दिवसांनी, इंजिन थंड असताना, सगळे जोड एकदा हलक्या हाताने तपासा. इंजिन ऑइलमध्ये डिझेल गेलं होतं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर गाडी बाहेर काढण्याआधीच बदला.

ट्रेमधलं डिझेल आणि ऑइल गटारात किंवा शेताच्या कडेला ओतू नका. पावसात ते विहिरीपर्यंत जातं. डब्यात साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.

कॉमन रेलची गाडी असेल तर

या गाड्यांत रेलमध्ये, म्हणजे त्या सामायिक नळीत, हजार बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो. इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना नोझलचा नट सैल करणं, गळती बोटाने शोधणं हे कधीही करू नका. तो झोत कातडी भेदून आत जातो. बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा आणि डॉक्टरांना "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

काही गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो. चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद घुं असा आवाज येतो का ऐका. आवाज नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि टाकीवरचा प्लग बघा. आपल्याकडच्या दमट हवेत त्या प्लगच्या पिना हिरव्या पडतात. तिथे करंट येत असूनही पंप गप्प असेल तरच टाकी उतरवा. वरची रिंग सोडवताना फ्लोटचा दांडा वाकवू नका आणि ओ-रिंग नवीच टाका. मोठा पंप गेला असेल तर मात्र गाडी स्कॅनर असलेल्या माणसाकडे न्या. फिल्टरमध्ये चमकणारा धातूचा चुरा दिसला तर तो चुरा रेल आणि नोझलपर्यंत पोहोचलेला असतो. सगळी लाइन साफ न करता नुसता पंप बदलला तर नवाही त्याच चुऱ्याने जातो.

पावसाच्या आधी

मे महिन्याच्या शेवटी, पहिली सर यायच्या आधी, फिल्टरचं पाणी काढा आणि पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला काढत राहा. रात्री गाडी उभी करताना टाकी होईल तेवढी भरलेली ठेवा. मासळी किंवा रेती वाहणारी गाडी असेल तर दर ट्रिपनंतर चासी गोड्या पाण्याने धुवा आणि वर्षातून एकदा डिझेल नळीच्या सगळ्या क्लिपा सोडवून त्यांच्या आतली जागा बघा. क्लिप आहे तिथे पाणी साठतं आणि गंज बाहेरून दिसत नाही. मी तिथे रबराची पट्टी घालून क्लिप बसवतो आणि नळीला ग्रीसचा हात देतो. त्या मासळीच्या गाडीची नळी बदलून तशी बसवली, आणि तिच्यावर तोच दुसरा पंप अजून आहे.